तंबोऱ्यापासून तारांगणापर्यंत

शब्द नाहीत, ठेका नाही, धड चालही नाही. तरीही जगभरातील लाखो श्रोते इलेक्ट्रॉनिक सुरांच्या या तरंगत्या विश्वात तासन् तास रमतात. या संगीताची मोहिनी नेमकी कशात आहे, आणि मराठी कानाला ते वाटते तितके परके आहे काय?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव बोरच्या जंगलाच्या वाटेवरचे. पुढे बोर धरण आणि त्याच्या भोवती १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले रान. दिवे मालवल्यानंतर या भागात रात्र खरोखरच काळी असते आणि शहरात कधी न दिसणारे तारे डोक्यावर दाटतात. अशा रात्री रातकिड्यांचा अखंड स्वर सुरुवातीला कर्कश वाटतो. थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो. रातकिडे थांबलेले नसतात. कान त्यांना सरावलेला असतो. मग त्या स्वराच्या आड दडलेले बारीक आवाज एकेक करून उमटू लागतात. पानांची सळसळ, दूरचे कुत्रे, स्वतःचा श्वास. काळ सैलावतो आणि आपण फार मोठ्या, मोकळ्या जागेत बसलो आहोत याची जाणीव होते.

नेमका हाच अनुभव यंत्रांच्या साहाय्याने घडवण्याचा प्रयत्न गेल्या अर्धशतकात असंख्य संगीतकारांनी केला. त्यांच्या संगीताला कोणी स्पेस म्युझिक म्हणते, कोणी कॉस्मिक, कोणी अ‍ॅम्बियन्ट, तर कोणी चिलआउट. नावे वेगवेगळी असली तरी गोत्र एकच आहे. लांबलचक, हळूहळू रंग बदलणारे स्वर, प्रचंड पोकळीचा भास आणि कुठेही पोहोचण्याची घाई नसणे, ही त्याची लक्षणे होत.

पोकळी कानात कशी शिरते?

गंमत अशी, की खऱ्या अवकाशात आवाजच नसतो. ध्वनी वाहून नेण्यास हवेसारखे माध्यम लागते आणि ताऱ्यांच्या दरम्यान ते ऐकू येण्याजोगे नाही. म्हणजे ‘अवकाशाचे संगीत’ ही सर्वस्वी माणसाच्या कानाची कल्पना आहे. मग काही विशिष्ट आवाज ऐकताच आपल्याला तारांगण का आठवावे?

याचे उत्तर प्रतिध्वनीत आहे. जागा किती मोठी आहे हे आपण डोळ्यांइतकेच कानांनीही जोखत असतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. खोलीत हा परतीचा प्रवास इतका झटपट होतो, की मूळ आवाज आणि त्याचे पडसाद वेगळे कळत नाहीत. विजापूरच्या गोल घुमटात मात्र साधी टाळीही पुनःपुन्हा घुमून येते आणि ते ऐकताना डोळे मिटले तरी वर केवढा घुमट आहे हे कळते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून हेच पडसाद कृत्रिमरीत्या लांबवले, की ऐकणाऱ्याच्या मनात घुमटापेक्षाही मोठी जागा उभी राहते. आवाज सेकंदभराऐवजी दहा सेकंद विरत राहिला, तर ही रोजच्या वावरातली जागा नाही हे मनाला उमगते. मग ते साहजिकच वर आकाशाकडे पाहते.

दुसरी युक्ती स्वराच्या आरंभाची. सतारीची तार छेडली, तबल्यावर थाप पडली, की आवाजाला ठसठशीत सुरुवात असते. त्यावरून वाद्य कोणते, किती अंतरावर, हे मेंदू ताडतो. सिंथेसायझरमध्ये ही सुरुवातच पुसून टाकता येते. स्वर धुक्यातून यावा तसा येतो आणि धुक्यातच जातो. कोण वाजवते आहे, कशावर, कुठून, याचा थांगपत्ता लागत नाही. स्वप्नातही असेच असते. घटना दिसतात, पण त्यांना सुरुवात नसते.

तिसरी गोष्ट गाळणीची. कोणताही स्वर एकटा नसतो. त्याच्या पोटात अनेक उपस्वर असतात आणि त्यांच्या प्रमाणावरून स्वराचा पोत ठरतो. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास घडवलेल्या सिंथेसायझरमध्ये विजेच्या आंदोलनातून भरगच्च स्वर निर्माण करून त्यातील उपस्वर एका गाळणीने हवे तसे रोखण्याची वा सोडण्याची सोय होती. गाळणी सावकाश उघडली, की एकाच जागी उभा असलेला स्वर उजळत जातो. सूर बदललेला नाही, लय बदललेली नाही, तरी काहीतरी घडते आहे, असे वाटत राहते. पहाट होताना जसे घडते, तसे.

बर्लिनची यंत्रे, लंडनचा पाऊस

या संगीताचा एक महत्त्वाचा प्रवाह पश्चिम बर्लिनमध्ये उगम पावला. एडगर फ्रोझे यांनी १९६७ साली ‘टँजरिन ड्रीम’ हा वाद्यमेळ स्थापन केला. त्यांच्या १९७४ च्या ‘फेड्रा’ या ध्वनिमुद्रिकेत ठरावीक स्वरांची मालिका आपोआप पुनःपुन्हा वाजवणारे यंत्र, म्हणजे सिक्वेन्सर, मध्यवर्ती झाले. त्या काळची ही यंत्रे तापली की बेसूर होत. शीर्षकरचनेत यंत्राचा सूर हळूहळू सरकत गेलेला ऐकू येतो. तो दोष न काढता तसाच ठेवण्यात आला आणि त्यातूनच त्या रचनेला सजीव थरथर मिळाली. याच वाद्यमेळातून बाहेर पडलेल्या क्लाउस शुल्झ यांनी तर १९७२ ची ‘इरलिष्ट’ ही आपली पहिली ध्वनिमुद्रिका सिंथेसायझरशिवायच केली. एक फेरफार केलेला ऑर्गन आणि वाद्यवृंदाच्या मुद्रणावर केलेले प्रयोग एवढ्यावर त्यांनी ते विश्व उभारले. फ्रान्समध्ये झाँ-मिशेल जार यांनी घरातल्या लहानशा स्टुडिओत १९७६ साली ‘ऑक्सिजेन’ घडवली आणि हे संगीत प्रयोगशील वर्तुळाबाहेर घराघरांत पोहोचले.

लंडनची कथा वेगळी आहे. १९७५ च्या आरंभी अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या ब्रायन ईनो यांना एका मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प या वाद्याची ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती लावून ते पुन्हा आडवे झाले, तेव्हा लक्षात आले, की आवाज फारच बारीक आहे. उठून तो वाढवण्याची ताकद नव्हती. बाहेरच्या पावसात ते सूर जेमतेम मिसळत होते. संगीत हे खोलीतल्या उजेडासारखे, पावसासारखे, भोवतालचा एक भाग असू शकते, हे त्यांना त्या दुपारी जाणवले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९७८ साली त्यांनी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ प्रसिद्ध केली. तिच्यात वेगवेगळ्या लांबीच्या फिती एकाच वेळी फिरत राहतात. लांबी वेगळी असल्याने त्यांची गाठ दर वेळी नव्याच ठिकाणी पडते. ‘अ‍ॅम्बियन्ट’ हे नाव रूढ झाले ते येथून.

मिरजेचा दोरा

आता प्रश्न आपल्या कानाचा. एक अखंड स्वर मागे धरून ठेवावा आणि त्याच्या कुशीत बाकीचे सारे घडू द्यावे, ही कल्पना मराठी माणसाला कोणत्याही सिंथेसायझरने शिकवलेली नाही. तिचे कारखाने मिरजेत आहेत. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. पंढरपूर परिसरातल्या भोपळ्यांपासून होणाऱ्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याचे रहस्य त्याच्या घोडीवर आहे. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता असतो आणि तार व घोडी यांच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच घासत राहते. दोरा केसभर इकडेतिकडे केला, की एका क्षणी तार जणू ‘बोलू’ लागते. मूळ स्वराच्या वर उपस्वरांची एक सळसळती माळ उलगडत जाते. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. तारेच्या ज्या बिंदूला छेडावे, तेथे स्थिर राहणारे उपस्वर साध्या नियमानुसार उमटू नयेत; तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. मूग यांच्या गाळणीने जे विजेवर साधले, ते मिरजेच्या कारागिराने दोऱ्याने साधले होते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

शास्त्रीय संगीताची मैफल दूर राहू द्या. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. मध्यरात्री मंडपात ऐकणारे चारदोनच असोत, स्वर चालू राहिला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये ला मॉन्टी यंग आणि मॅरियन झझीला यांनी १९९३ साली चर्च स्ट्रीटवरील एका इमारतीत ‘ड्रीम हाउस’ उघडले. तेथे विद्युत स्वरांचा न बदलणारा समूह अखंड निनादत ठेवलेला असतो आणि श्रोते जांभळ्या उजेडात गालिच्यावर पडून तो ऐकतात. एकाचे प्रयोजन भक्ती, दुसऱ्याचे कला. पण स्वर खंडू द्यायचा नाही, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे.

एका गुरूच्या दोन दिशा

या साम्यामागे प्रत्यक्ष नातेही आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे किराना घराण्याचे मिरजेशी नाते जुळले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांना घराण्याची तालीम मिळाली ती मुख्यतः उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. एकेक स्वर जोखत, अत्यंत विलंबित लयीत राग उभा करणे, ही वहीद खाँसाहेबांची खासियत. लाहोरला १९१८ साली जन्मलेले पंडित प्राणनाथ हेही त्यांचेच शिष्य. म्हणजे ज्यांच्या सुरेल गाण्याने महाराष्ट्राच्या दोन पिढ्या न्हाऊन निघाल्या, त्या हिराबाईंचे ते गुरुबंधू.

प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्टी यंग आणि टेरी रायली हे दोन प्रयोगशील अमेरिकी संगीतकार त्यांचे शागीर्द झाले. तंबोरा मांडीवर घेऊन ते वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे बसले. रायली यांची ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ ही ध्वनिमुद्रिका त्याआधी, १९६९ साली आली होती आणि पुनरावृत्तीवर आधारलेल्या पुढच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर तिचा मोठा ठसा उमटला. त्यामुळे बर्लिनचे संगीत मिरजेतून निघाले असे म्हणणे ही अतिशयोक्ती ठरेल. खरी गोष्ट अधिक रंजक आहे. रायली आणि यंग आपापल्या वाटेने अखंड स्वरापर्यंत आधीच येऊन ठेपले होते. तेथे पोहोचल्यावर आत कसे शिरावे, हे विचारायला ते किराना घराण्याच्या दाराशी आले.

इकडे १९७९ साली बंगळूरच्या राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला आणि हळूहळू अशी पेटी दादर-गिरगावातल्या, पुण्याच्या पेठांतल्या गाण्याच्या शिकवणीत येऊन बसली. अ‍ॅम्बियन्ट हा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता, त्यांच्या घरात पहाटे विद्युत स्वर मंदपणे निनादू लागला होता.

मुंबईत विरलेली तबकडी

या कथेतील सर्वांत चटका लावणारे पान मुंबईचे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. डिस्कोची लाट ऐन भरात असताना त्यांनी परदेशातून तीन जपानी यंत्रे आणली. जुपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. या तिन्हींच्या साहाय्याने त्यांनी भैरव, ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस अशा दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ साली एचएमव्हीने काढली.

टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. खर्ज-गिटारची नक्कल करण्यासाठी बनवलेले हे यंत्र त्या कामी फसले आणि लवकरच त्याचे उत्पादन थांबले. सिंग यांना मात्र त्या घसरणीत मींड दिसली. रागाचे चलन त्यांनी त्या यंत्राला शिकवले. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र पिळून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाची शैली जन्माला घातली आणि तिने जगातल्या नृत्यसंगीताचे वळणच बदलले. मुंबईची तबकडी तोवर विस्मरणात गेली होती. ती खपली नव्हती. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ती उथळ वाटावी आणि डिस्कोच्या चाहत्याला कोरडी, अशी तिची अवस्था झाली. एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा युरोपातले श्रोते थक्क झाले. सत्तरीत पोहोचलेल्या सिंग यांना तिकडून मैफलींची निमंत्रणे आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

असाच प्रकार अहमदाबादचा. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई आदींनी तेथे प्रयोग केले. जिनराज जोशीपुरा या तरुणाने तर ‘स्पेस लायनर २००१’ नावाची, काल्पनिक अवकाशप्रवासाची रचना केली. काही वर्षांत तो स्टुडिओ थंडावला आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधल्यानंतर २०२३ साली त्या रसिकांसमोर आल्या. म्हणजे टँजरिन ड्रीमची ‘फेड्रा’ जन्मण्याआधीच भारतात अवकाशसंगीत घडत होते. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, इतकेच.

हणजूणची पहाट आणि शेजाऱ्याची झोप

या संगीताची एक शाखा गोव्यात फोफावली. हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर साठच्या दशकाअखेरीस हिप्पी येऊ लागले. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल हा त्यांच्यातला नावाजलेला वादक. २०२३ साली त्याचे निधन झाले. उष्णता आणि धुळीत तबकड्या टिकत नसल्याने येथे संगीत फितींवरून वाजवले जाई. रात्री द्रुत आणि आक्रमक, पहाटे हळूहळू निवळत जाणारे, अशी त्याची रचना असे. नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ही शैली इस्रायलपासून जपानपर्यंत गेली. नाचून थकलेल्यांसाठी बाजूला मंद संगीताची जी जागा असे, तिच्यातून चिलआउटचे स्वप्निल संगीत बहरले.

मात्र एकाचे स्वप्न ही दुसऱ्याची निद्रानाशाची रात्र असू शकते. किनाऱ्यावरच्या गावांनी ध्वनिवर्धकांच्या त्रासाबद्दल वारंवार आवाज उठवला. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरील ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातले. विश्वाशी एकरूप होण्याची भाषा करणाऱ्या संगीताने शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याचा विचार केला नाही, तर ती भाषा पोकळच म्हणावी लागेल.

परदेशातील मराठी मंडळीही या प्रवाहात आहेत. शोभा गुर्टू यांचे पुत्र, मुंबईत जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू आणि इंग्लंडमध्ये जन्मून न्यूयॉर्कमध्ये वाढलेले तबलावादक कर्श काळे यांनी झाकीर हुसेन, सुलतान खाँ आणि बिल लासवेल यांच्यासमवेत ‘तबला बीट सायन्स’ या प्रकल्पात भाग घेतला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका २००० साली आली. काळे यांची ‘रियलाइज’ ही २००१ ची ध्वनिमुद्रिका ऐकताना तबला जमिनीवर आणि बाकीचे सारे आभाळात, असा भास होतो.

ऐकावे कसे, जपावे काय?

आज हे संगीत मोबाइलवर मुबलक मिळते. झोपेसाठी, अभ्यासासाठी, ध्यानासाठी, अशा पाट्यांखाली त्याचे अखंड नळ सुटलेले असतात. त्याने थकलेल्या मनाला विसावा मिळत असेल, तर तक्रार करण्याचे कारण नाही. पण यातले बरेचसे भिंतीवरच्या रंगासारखे असते. कोणी केले, केव्हा केले, हे कोणी विचारत नाही. चांगले अ‍ॅम्बियन्ट दुर्लक्ष केले तरी त्रास देत नाही आणि लक्ष दिले तर निराशही करत नाही. ही कसोटी लावून पाहावी. ‘फेड्रा’ किंवा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ दिवा मालवून, बारीक आवाजात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकावी. त्यानंतर हिराबाईंचा एखादा विलंबित ख्याल लावावा आणि पहिली दोन मिनिटे केवळ मागचा तंबोरा ऐकावा. दोन्हींतले अंतर आपोआप कमी होईल.

चरणजित सिंगांची तबकडी आणि अहमदाबादच्या फिती यांतून निघणारा धडा मात्र अधिक बोचरा आहे. नवे काही करणारे आपल्याकडे होते. ऐकणारे आणि सांभाळून ठेवणारे कमी पडले. माळ्यावर बुरशी धरत पडलेल्या कॅसेट्स, रद्दीत निघालेल्या तबकड्या, बंद पडलेल्या स्टुडिओतल्या फिती यांत आणखी काय काय असेल, हे ती वाजवून पाहिल्याशिवाय कळणार नाही. दर वेळी ते शोधायला परदेशातून कोणीतरी यावे, हे भूषणावह नाही.

जाता जाता एक. १९७७ साली अवकाशात झेपावलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील ध्वनींची एकेक सोनेरी तबकडी आहे. तिच्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, यानांनी पृथ्वी सोडल्यानंतर काही दिवसांतच, केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे ती तबकडी कोणी वाजवली, तर त्या भैरवीमागचा आधारस्वरही ऐकू येईल. हिंगणीच्या रात्री आभाळाकडे पाहताना एवढे आठवले, तरी अवकाशसंगीत परक्यांचे वाटणार नाही.